रणगाड्यावरची धूळ

दिवाळी सरली की आमच्या वऱ्हाडात धुळीचे दिवस सुरू होतात. पाऊस केव्हाच गेलेला असतो. काळी जमीन भेगाळायला लागते, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात आणि रस्त्यावर जी धूळ उठते ती संक्रांतीपर्यंत खाली बसायचं नाव घेत नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या फळीवर दुपारी बोटानं अक्षर काढता येतं. अमरावतीच्या या घरात निवृत्तीनंतर मी राहायला आले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. कामाला येणारी मंगला रोज त्या धुळीच्या नावानं बोटं मोडते. मी चष्मा लावून बघत बसते. धूळ कुठे साचली आहे, कुठे नुसती टेकली आहे, कुठे कुणाचा हात लागून गेली आहे. ही खोड मला एका हिवाळ्यात लागली, पासष्ट सालची लढाई थांबली त्यानंतरच्या हिवाळ्यात.

तेव्हा मी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. वय सत्तावीस. लग्न जमत नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खिडकीतून खाली रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे गुरांना पाणी प्यायचा हौद. शनिवारी शाळा सुटली की बसनं अमरावतीला घरी जायचं, रविवारी सकाळीच परत यायचं, असा माझा क्रम.

मोर्णा नदीपलीकडे अकोटच्या रस्त्याला तुळशीरामभाऊंचा मळा होता. घरचे माळी. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, कांदे आणि दसऱ्याला झेंडू. माझ्या घरमालकांकडे त्यांची भाजी यायची, म्हणून मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होते. त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी झेंडू तोडलाच नाही. ऐन सणाला सगळा वाफा पिवळाधमक उभा होता आणि तसाच वाळून गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा, गजानन, फौजेत रणगाडा चालवत होता. सप्टेंबरात पंजाबच्या सरहद्दीवर तो गेला. तार आली तेव्हा झेंडूला कळ्या धरल्या होत्या.

दिवाळीनंतर एका सकाळी तुळशीरामभाऊ माझ्या दारात उभे राहिले. डोक्यावर टोपलं, टोपल्यात सांबाराच्या जुड्या. मला वाटलं चुकून माडीवर आले. त्यांनी टोपलं खाली ठेवलं, जुड्या बाजूला केल्या आणि खालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"बाई, तुमी रंग लावता म्हने. याले रंग लावाचा हाय."

लाकडाचा रणगाडा होता. हातभर लांब, सागवानी. चाकांच्या जागी शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रिळं अर्धी अर्धी कापून बसवली होती, त्यांच्यावरून जिनमधल्या जुन्या चामडी पट्ट्याचा एक एक पदर ओढून बारीक चुकांनी ठोकला होता. तोफ म्हणजे औषध फवारायच्या पंपाची पितळी नळी. वरचं घुमटासारखं डोकं एका बोल्टावर बसवलेलं होतं आणि ते तोफेसकट गोल फिरायचं. पुढच्या बाजूला, खाली, नखाएवढ्या बिजागरीवर एक झाकण होतं. तुळशीरामभाऊंनी ते अंगठ्यानं अलगद उघडून दाखवलं.

"इथीसा बसे तो. उन्हाळ्यात सुट्टीवर आल्ता तवा बनवला. मी त्याले रोज इचारो, लेका, तू जे चालवतं ते हाय तरी कसं? सांगून सांगून थकला, मंग म्हने, थांबा बाबा, बनवूनच दाखवतो. रंग पुढच्या सुट्टीत लावतो म्हनला होता."

मी झाकण पुन्हा एकदा उघडलं. आत खरोखरच बसण्यापुरती जागा कोरली होती. बाहेरून कुणाला दिसणारही नाही अशी ती जागा त्यानं पॉलिश पेपरनं गुळगुळीत घासली होती.

"त्याची माय बोलत नाई, बाई," तुळशीरामभाऊ म्हणाले. "तार आली तवापासून रडली बी नाई. चुलीपाशी बसत नाई. हे कोनाड्यात ठेवलं का तोंड फिरवते. कोरं लाकूड हाय ना. म्हनलं, रंग लावला तं लेकाचं काम पुरं झालं असं वाटन तिले. बोलन मंग."

सरूबाई, म्हणजे गजाननची आई, मी पूर्वी बाजारात पाहिलेली होती. मोठ्या आवाजाची, गिऱ्हाइकाला हसत हसत टोमणे मारणारी बाई. ती बोलत नाही हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. मी रणगाडा ठेवून घेतला.

काम मला येत होतं असं तेव्हा वाटलं. आधी सगळ्या फटींत लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरली, वाळल्यावर घासली. अस्तराचा हात दिला. वर्तमानपत्रातल्या एका काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंगाचा अंदाज बांधला. हिरव्या एनॅमलमध्ये थोडा पिवळा, थोडा काळा मिसळून फौजी हिरवा तयार केला आणि एकावर एक तीन हात दिले. आठ दिवसांनी खिडकीत ठेवला तेव्हा उन्हात असा चकाकत होता की खालून जाणारे लोक वर बघत. मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी संध्याकाळी तुळशीरामभाऊ आले, बरोबर सून होती. वत्सला. वीस-एकवीस वर्षांची, कपाळ मोकळं, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. तुळशीरामभाऊंनी रणगाड्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"लई चांगला झाला," ते म्हणाले. पण हात पुढे केला नाही.

वत्सला मात्र हलक्या आवाजात म्हणाली, "मामाजी, हा तसा नाई."

"कसा?"

तिनं पोलक्यातून घडी घातलेलं पत्र काढलं. घड्यांवर ते इतकं विरलं होतं की उघडताना तिनं श्वास रोखून धरला. मग बोट ठेवून वाचलं, "आमची गाडी कोन्या रंगाची हाय ते आता मलेच आठवत नाई. माती बसून बसून आपल्या ढवळ्यावानी झाली. पुसली का दुसऱ्या घटकेले तशीच. मंग आमी पुसनंच सोडलं."

माझा चकचकीत रणगाडा खिडकीत उभा होता, दुकानातून आत्ता आणल्यासारखा. त्याच्यात कुणी कधी बसलं होतं असं वाटतच नव्हतं.

"याच्यावर माती बसवता येईन का, बाई?" वत्सलानं विचारलं.

मी येईल म्हणाले. येतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. नव्या वस्तूला जुनं करणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी बघायला शिकले. शाळा सुटली की बस स्टँडवर जाऊन उभी राहायची. अकोटहून येणारी संध्याकाळची गाडी आली की लोक उतरायच्या गडबडीत आणि मी गाडीभोवती हिंडते आहे. कंडक्टरनं एकदा विचारलंच, "बाई, काही हरवलं का?" नाही म्हटलं. मला त्या गाडीवरून सगळा रस्ता वाचता येत होता. वरच्या आडव्या पत्र्यावर धूळ पिठासारखी बसलेली. उभ्या बाजूंवर पातळ. चाकांच्या मागे चिखलाचे शिंतोडे, एकावर एक, खालचे काळे आणि वरचे वाळून राखाडी. डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी तेल ओघळलेलं, त्या ओघळावर धूळ चिकटून काळी झालेली. आणि दाराच्या दांडीला, जिथे रोज शेकडो हात पडतात, रंग पार उडून लोखंड चमकत असलेलं. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. माणूस जिथे वावरतो तिथे तिला बसायला मिळत नाही. रणगाडाही असाच असणार, हे मला त्या दांडीपाशी कळलं.

आधी मी चमक मारली. बारीक पेपर पाण्यात भिजवून सगळा हिरवा हलका घासला. मग काजळी टर्पेंटाईनमध्ये कालवून सांध्यांत, खिळ्यांभोवती, झाकणाच्या कडेनं सोडली आणि वरची वर फडक्यानं पुसून घेतली. काळं खोलात राहिलं, उंचवटे मोकळे झाले, आणि लाकूड पहिल्यांदा लोखंडासारखं जड दिसायला लागलं. पट्ट्यांवर गेरू आणि राख. दात घासायच्या जुन्या ब्रशावर बोट ओढून खालच्या अंगाला शिंतोडे उडवले. धूळ मात्र एनॅमलमध्ये कालवून चालेना. ती घट्ट, मेल्यासारखी दिसे. शेवटी बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी करून ते लावलं आणि ओलं असतानाच त्यावर चाळलेली माती फुंकली. आता ती टेकल्यासारखी दिसली. बोट लागलं तर थोडी सुटत होती, पण खरी धूळही सुटतेच.

वत्सला दर रविवारी यायला लागली. तुळशीरामभाऊ तिला सोडून बाजारात जायचे, परतताना घेऊन जायचे. ती स्टोव्हवर चहा करायची, माझे ब्रश धुवायची, आणि फार थोडं बोलायची. मी माती लावलेला भाग तिनं दोन रविवार नुसता पाहिला. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बाई, हे तं आपल्या इकडची माती हाय."

खरंच होतं. मी मोर्णेकाठची माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केली होती. तिच्यात आपला काळेपणा होता.

"तिकडची कशी?"

"पिवळसर म्हने. गव्हाच्या पिठावानी."

पिवळी माती आणि मुलतानी माती मिसळून बघू, असं मी म्हणत होते. पुढच्या रविवारी येताना तिनं एक पिशवी आणली. तिच्यात गजाननचा गणवेश होता, त्याच्या पेटीतून आलेला. पेटी रेल्वेनं घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्याकडे पाठ केली होती. वत्सलानं ती माजघरात ओढून घेतली आणि आतलं काही धुतलं नाही. तिनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. विजारीच्या खालच्या दुमडी उलगडल्या, खिसे उलटे केले, शिवणी नखानं उसवल्यासारख्या उघडल्या आणि झटकल्या. कागदावर बारीक पिवळी माती पडत गेली. चिमूट, दोन चिमटी, मग एक छोटासा ढीग.

"ही तिथलीच," ती म्हणाली.

मला ते करू नये असं वाटलं. म्हटलं, "वत्सला, ही ठेव तुझ्यापाशी. मी रंग जुळवते." तिनं मान हलवली. "पेटीत काय करते ते बाई? तिथी तं कोनी पाहत बी नाई." मग आधीची माती ओल्या फडक्यानं पुसून मी नव्यानं डिंकाचं पाणी लावत गेले आणि तिनं बोटांच्या चिमटीतून, रांगोळी सोडतात तशी, माती सोडली. आधी वरच्या आडव्या भागांवर, मग डोक्यावर. समोरच्या छोट्या झाकणाशी आली तेव्हा थांबली. तिथं किती घालायची, असं तिनं मला नजरेनं विचारलं. मी म्हटलं, "तिथे कमी. तिथे त्याचा हात सारखा लागत असेल."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ चित्रं काढली. काहींना बक्षिसं मिळाली. पण दोन बायका जमिनीवर बसून एक शब्दही न बोलता काम करत आहेत, असं काम मी पुन्हा केलं नाही.

डिसेंबरात तो जवान आला. पांडुरंग नाव, साताऱ्याकडचा. गजाननच्याच रणगाड्यावर तो गनर होता, म्हणजे तोफ डागणारा. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर स्वतःच्या घरी जायच्या आधी तो गजाननच्या घराचा पत्ता शोधत अकोल्याला उतरला. दोन दिवस मळ्यावर राहिला. तुळशीरामभाऊंना त्यानं सांगितलं, गोळा लागला आणि गजानन त्याच क्षणी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. हे ऐकून म्हाताऱ्याला किती हलकं वाटलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, जेव्हा रविवारी ते त्याला आणि वत्सलाला घेऊन माझ्याकडे आले.

"या पांडबाले दाखवा, बाई. असाच होता का इचारा. मी बैलाले पानी पाजून येतो." आणि ते खाली गेले.

पांडुरंग रणगाड्यासमोर बसला. त्यानं चांगल्या हातानं वरचं डोकं हळू फिरवलं. ते फिरतं हे त्याला माहीत नव्हतं. तोफ फिरत आली आणि समोर जरा उजवीकडे, बरोबर त्या छोट्या झाकणावर येऊन थांबली. त्यानं दुसऱ्या हाताच्या काळ्या पडलेल्या बोटानं झाकण उघडायचा प्रयत्न केला. नळी आड येत होती. झाकण उघडलं नाही.

"असं हुतं," तो म्हणाला.

वत्सला त्याच्याकडे बघत राहिली.

"वहिनी, मी तिकडं खोटं सांगितलं. गोळा लागला तवा गजा जित्ता हुता. वरची आग बघून बी त्यानं गाडी मागं घेतली. उसाच्या आड. चांगली शंभर-दीडशे पावलं. म्हनून आमी उतरू शकलो. आमी समदे वरनं उतरलो. त्याचं झाकान ह्ये असं. माझी तोफ त्याच्या डोस्क्यावर. फिरवायला गेलो, फिरंना. जाम झाली हुती."

"आतून?" मी विचारलं.

"आत धूर. ह्यो हात त्यातच भाजला, बाई. हाताला लागला बी त्यो. खांदा लागला. वढला पन..." त्यानं तो हात मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "माझीच तोफ हुती, वहिनी."

खिडकीतून खालचा हौद दिसत होता. तुळशीरामभाऊ बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभे होते, बैल पाणी पीत होते. वत्सलानं एकदा खाली पाहिलं. मग हात पुढे करून तिनं ती पितळी नळी झाकणावरून बाजूला केली, पार डावीकडे, अगदी सावकाश. झाकण उघडून पाहिलं आणि लावून घेतलं.

"तुमाले कोन काय म्हनते?" ती पांडुरंगला म्हणाली. "तुमी त्याले हात तं देला. मी तं इथी मेथी निंदत होती."

तो भाजका हात तोंडावर धरून रडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं उठून त्याच्यासाठी चहा टाकला. पुढे वत्सला दवाखान्यातली नर्स झाली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, खटपट करून तिला अमरावतीला शिकायला पाठवलं आणि तुळशीरामभाऊंनी नातेवाइकांचा विरोध पत्करून तिला स्वतः गाडीत बसवून दिलं. भाजलेल्यांच्या वॉर्डात तिनं किती वर्षं काढली. तिच्याविषयी कुणी माझ्याशी बोललं की मला ती स्टोव्हशी वाकलेली पाठ आठवते.

त्या आठवड्यात मी अमरावतीला गेले तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. ते वकील होते. जेवणानंतर सुपारी कातरत त्यांनी ऐकून घेतलं.

"आता प्रश्न असा आहे," मी म्हणाले, "की तो रणगाडा खरा करायचा म्हणून मी हाती घेतला. मग तो जळलेला दाखवायला नको का? झाकणाभोवती काळं, रंग फुगून उडालेला. मला आता ते करता येईल."

"कोणासाठी करतेस?"

"खरं आहे म्हणून."

"कोर्टात मी साक्षीदाराला सांगतो, सगळं सांग, काही लपवू नको. तिथे कोणाला तरी सजा व्हायची असते किंवा कोणाला तरी सुटायचं असतं." अण्णांनी अडकित्ता मिटला. "इथे कोण सुटणार आहे? आणि हे ठरवणारी तू कोण? त्या मुलीला विचार."

मला राग आला होता. उत्तर मिळालं नाही असं वाटलं. पण रविवारी परत येऊन मी तेच केलं. वत्सलाला विचारलं. काळा रंग मी एका वाटीत तयारसुद्धा ठेवला होता. तिनं वाटीकडे पाहिलं आणि ती झाकून ठेवली.

"आदल्या दिवशीचा करा, बाई."

"म्हणजे?"

"लागायच्या आदल्या दिवशी जसा असन, तसा."

पांडुरंग जाण्यापूर्वी त्यानं कागदावर लिहून दिलं होतं, आदल्या दिवशी गाडीवर काय काय होतं. उसाची पाचटं खोचलेली. मागच्या बाजूला दोरीनं बांधलेली बादली, जिच्यात ते आंघोळीचं पाणी धरत. पट्ट्यांत अडकून वाळलेला चिखल. आणि ड्रायव्हरच्या झाकणाची कड, जी गजाननच्या हातानं घासून आरशासारखी झाली होती. मी गवताची पाती बारीक कापून पाचटं केली. डबीच्या झाकणाची बादली केली. शेवटी मऊ पेन्सिलीचं शिसं बोटावर घेतलं आणि झाकणाच्या कडेवर घासत राहिले, लोखंड उघडं पडल्यासारखं दिसेपर्यंत. त्यानंतर मी ब्रश धुऊन ठेवले.

संक्रांतीच्या आधी तुळशीरामभाऊ रणगाडा न्यायला आले. या खेपेला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. छातीशी धरला. धूळ सांडू नये म्हणून गोणपाट नुसतं वरून पांघरलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, तो पोरगा मले जे सांगून गेला. लागल्याबरोबर गेला म्हने. तुमाले बी तेच सांगतलं का?"

जिन्यात वत्सला उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"हो," मी म्हणाले. "तेच सांगितलं."

"खरं हाय ना?"

"खरं आहे."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले. आजवर मी थोडं खोटं बोलले असेन, सगळेच बोलतात. पण त्या एका खोट्याचं मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, बरं केलं. कधी वाटतं, मुलानं त्या शंभर-दीडशे पावलांत जे केलं ते बापाला कळायला हवं होतं. तो त्याचा हक्क होता. वत्सलाला एकदा, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी हे विचारलं. ती म्हणाली, "बाई, मी बी रोज इचारतो सोताले." तेवढंच.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिळगूळ घेऊन मळ्यावर गेले. खरं म्हणजे रणगाडा सरूबाईंना कसा वाटला ते मला बघायचं होतं. दुपारची वेळ होती. झेंडूच्या वाळलेल्या वाफ्यात आता कांदा लावला होता. घरात कुणी नव्हतं, कोनाडा रिकामा होता. मागच्या बाजूनं पाण्याचा आवाज येत होता म्हणून तिकडे गेले.

विहिरीतून येणाऱ्या पाटाच्या काठावर सरूबाई उकिडवी बसली होती. रणगाडा तिच्या मांडीशी होता. एका हातानं तिनं तो पाण्यात आडवा धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या काथ्यानं, राख लावून लावून, घासत होती. पाचटं वाहून गेली होती. बादली सुटून पाटाच्या तळाशी पडली होती. पिवळी माती, गेरू, राख, सगळं पाण्याबरोबर निघून कांद्याच्या वाफ्याकडे चाललं होतं. दोन हातांवर तुळशीरामभाऊ उभे होते आणि त्यांनी वत्सलाचं मनगट धरून ठेवलं होतं.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण तुळशीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून नको म्हणून सांगितलं.

सरूबाई बोलत होती. तोच बाजारातला मोठा आवाज, मध्येच चिरकणारा.

"केवढा मळून आला रे बाप्पा! कुठी लोळला होता इतका? कोनी आंघोळ बी घातली नाई का तुले तिथी? थांब ना जरासाक, मानेवरचं राह्यलं..."

ती घासत होती आणि रडत होती. नाक, डोळे, हनुवटी, सगळं वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. पट्ट्यांच्या फटीत नख घालून तिनं चिखल काढला. झाकण उघडून आत ओंजळभर पाणी सोडलं, बोटानं आतून फिरवलं. मी दोन महिने बसवलेलं सगळं काही मिनिटांत निघून गेलं. काजळीसुद्धा बरीच निघाली. खालचा हिरवा उघडा पडला, जागोजाग खरवडलेला, काही ठिकाणी सागवान दिसायला लागलेलं. मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. मी चप्पल काढून तिथेच बांधावर बसले.

धुऊन झाल्यावर तिनं रणगाडा उलटा करून आतलं पाणी निथळू दिलं. पदरानं पुसला. विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर, जिथे ऊन होतं, तिथे वाळायला ठेवला आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून मागे एक दगड लावला. मग उठली. तेव्हा तिला मी दिसले.

"कवा आल्या, बाई? बसा ना. जेवून जा," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत घरात गेली.

थोड्या वेळानं आतून पीठ चाळल्याचा आवाज आला, मग परातीत भाकरी थापल्याचा. वत्सलानं आपलं मनगट सासऱ्याच्या हातातून सोडवून घेतलं आणि ती जळणाच्या काड्या वेचायला गेली.